संशोधनाचा अर्ज



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला निमंत्रण दिले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की आम्ही कामगार चळवळीवर, संपांवर, झालेच तर नव्या कामगार संहितांवर बोलावे. आम्ही त्यांना उलट कळविले की, संशोधनासाठी पैसे मागण्याचा अर्ज कसा लिहावा, या विषयावर आम्ही बोलू. त्यांचे उत्तर यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत त्यांच्या कार्यकारिणीत काय काय बोलणे झाले असेल हे आम्ही ओळखू शकतो, कारण आमचेही आयुष्य कार्यकारिण्यांत बसण्यातच गेले आहे.

शाळा सातवीत सोडून सूतगिरणीत लागलेल्या माणसाने हा विषय घ्यावा, याचे नवल वाटणे साहजिक आहे. परंतु हा अर्ज आम्ही दोनदा लिहिला आहे. पहिल्यांदा नापास झालो, दुसऱ्यांदा पास झालो. आज मुख्यतः सांगायचे आहे ते नापास होण्याविषयी.

गोष्ट कापसाच्या धुळीची आहे. सूतगिरणीत गाठी फोडून रुई पिंजतात त्या खात्याला ब्लोरूम म्हणतात. तेथून रुई कार्डिंगला जाते आणि तिचे पेळू होतात. या दोन खात्यांत तूस इतके उडते की पाळी संपवून बाहेर आलेल्या माणसाच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. तेथे वर्षानुवर्षे राबलेल्या माणसाला एक विचित्र दुखणे लागते. आठवड्याची सुट्टी घेऊन तो कामावर आला की त्या पहिल्या दिवशी त्याची छाती आवळते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मोकळे वाटते. पुन्हा सुट्टी झाली, की पुन्हा आवळते. काही वर्षांनी सगळेच दिवस सारखे होतात आणि मग तो जिना चढेनासा होतो. या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. इंग्लंडात लँकेशायरच्या गिरण्यांत रिचर्ड शिलिंग या डॉक्टरांनी १९५० नंतरच्या दशकात या सोमवारच्या आवळण्यावरूनच रोगाच्या पायऱ्या ठरविल्या. अमेरिकेत १९७८ मध्ये सूत कातणाऱ्या खात्यांतील धुळीला एक घनमीटर हवेत ०.२ मिलिग्रॅम अशी मर्यादा घातली गेली. गिरणीमालक तेथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८१ मध्ये हरले. आपल्याकडे १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोगांची यादी होती, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तशी यादी आहे.

यादी आहे, मग अडते कोठे? अडते ते पुराव्यापाशी. दगडाच्या धुळीने होणारा सिलिकोसिस क्ष-किरणांच्या फोटोत दिसतो. बिसिनोसिसची तशी खास खूण फोटोत उमटत नाही. आमचा माणूस धापा टाकीत डॉक्टरपुढे बसतो, डॉक्टर फोटो उजेडावर धरतात, फोटो स्वच्छ असतो. वर पुन्हा तो विडी ओढणारा निघाला, तर विषयच संपला. अखेरच्या अवस्थेत विडीने झालेला दमा-खोकला आणि धुळीने झालेला, हे वेगळे ओळखणे जाणत्या वैद्यालाही कठीण जाते. म्हणून एकेका माणसाचे भांडण आम्ही हरत होतो. सर्वांना एकत्र मोजल्याशिवाय काही सिद्ध होणार नव्हते, आणि मोजायचे तर पैसे हवे होते.

तेव्हा आम्ही अर्ज लिहिला. चौदा पानांचा. त्यातील भाषा आजही आम्हांला तोंडपाठ आहे, पण ती येथे म्हणून दाखविण्याचा मोह आवरतो. आरंभी गिरणीधंद्याचा इतिहास, मग व्यवस्थापनाच्या वागणुकीचे वर्णन, आणि वर शीर्षक असे की, व्यवस्थापनाच्या बेपर्वाईमुळे कामगारांना जडलेल्या फुप्फुसाच्या रोगाचा अभ्यास. खर्चाच्या पानावर एक जीप, एक संगणक आणि 'इतर' असे तीन आकडे होते, आणि तिघांत मोठा आकडा 'इतर'चा होता.

चार महिन्यांनी नकार आला. सोबत परीक्षकाचा शेरा होता. त्याचा मतितार्थ असा की, अर्जदारांना उत्तर आधीच ठाऊक दिसते. तर मग अभ्यासाला पैसे कशाला हवेत? आम्ही संतापलो. निषेधाचा ठराव केला, तो एकमताने संमतही झाला. ठराव एकमताने संमत होतो तेव्हा आम्हांला पुढे पुढे थोडी शंका येऊ लागते. तो शेऱ्याचा कागद आम्ही खिशात ठेवला आणि पुष्कळ दिवस बाळगला. मग एका रात्री एस.टी.च्या स्टँडवर गाडीची वाट पाहताना तो पुन्हा वाचला, आणि परीक्षकाचे म्हणणे बरोबर आहे असे वाटले.

आम्ही आयुष्यभर मागणीपत्रके लिहिली. मागणीपत्रकात उत्तर आधी असते आणि त्याला पोषक अशी हकीकत मागून जोडतात. संशोधनाच्या अर्जात उत्तर नसलेला प्रश्न असावा लागतो, आणि तो असा की त्याचे उत्तर आपल्याविरुद्धही जाऊ शकेल. मागणीपत्रकाची दुसरी सवय म्हणजे चाळीस मागावे तेव्हा वीस पदरात पडतात. समोरचाही हे जाणून असतो, म्हणून त्यात फसवणूक नाही. तो एक रिवाज आहे. परंतु अनुदान देणारी समिती घासाघीस करायला बसलेली नसते. तिच्यापुढे ढीगभर अर्ज असतात. फुगवलेला आकडा पाहिला की ती एवढेच समजते की या माणसाला काम ठाऊक नाही. उलट लाजून कमी मागितले तरी तिचा निष्कर्ष तोच. बरोबर आकडा एकच असतो, आणि तो कामाच्या एकेका पायरीवरून काढावा लागतो.

आमची ही सवय मोडायला एका जुन्या अर्जाची मदत झाली. डॉ. होमी भाभा तेव्हा बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत होते, वय चौतीस. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिले. मूलभूत पदार्थविज्ञानाच्या संशोधनाची मोठी शाळा या देशात नाही, ती काढावी, यासाठी साह्य करावे, असा त्याचा आशय. ते पत्र आज पुष्कळ ठिकाणी छापलेले सापडते; ज्यांना अर्ज लिहायचा आहे त्यांनी ते मिळवून वाचावे. त्यात देशभक्तीचे व्याख्यान नाही. देशात काय नाही हे सांगितले आहे, ते नसल्याने कोणते काम अडते हे सांगितले आहे. आणि पुढचा पल्लाही दाखविला आहे, की साधारण दोन दशकांनी अणुशक्तीपासून वीज निघू लागेल तेव्हा त्या कामाची माणसे बाहेरून आणावी लागू नयेत. तारीख ध्यानात घ्या. हिरोशिमा अद्याप सतरा महिने दूर होते. अणुभंजनाचा शोध लागून पुरती सहा वर्षेही झाली नव्हती. इतके दूरचे बोलूनही पत्र हवेत जात नाही, कारण मागणी मात्र उद्याच्या कामाची आहे. ट्रस्टने मान्यता दिली, मुंबई सरकार सामील झाले, १ जून १९४५ रोजी संस्थेचे काम बंगळुरात सुरू झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ती मुंबईस आली. तीच आजची टाटा मूलभूत संशोधन संस्था. ट्रॉम्बेची अप्सरा भट्टी १९५६ मध्ये चालू झाली आणि तारापूरची वीज १९६९ मध्ये आली. तारापूरच्या पहिल्या भट्ट्या अमेरिकन कंपनीने बांधल्या, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण त्या चालविणारी माणसे येथली होती.

कामगार संघटनेचा माणूस असल्यामुळे आणखी एक गोष्ट आम्ही दृष्टिआड करू शकत नाही. भाभांच्या आत्या मेहरबाई या सर दोराबजींच्या पत्नी. म्हणजे ज्या दारावर थाप मारायची ते दार घरचेच होते. याने पत्राची योग्यता कमी होत नाही. पण आपल्यापैकी ज्यांची आत्या कोणत्याच ट्रस्टमध्ये दिलेली नाही, त्यांना आपला अर्ज अधिक चोख करावा लागतो एवढे खरे. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांची गोष्ट सांगतात की त्यांनी अर्जात 'दहा हजार मार्क हवेत' एवढेच वाक्य लिहिले आणि पैसे मिळविले. खरी असो वा नसो, तिचे अनुकरण करू नये. ते वारबुर्ग होते.

दुसरा अर्ज आम्ही एकट्याने लिहिला नाही, आणि तसा तो लिहिताही आला नसता. अशी अनुदाने बहुधा मान्यताप्राप्त संस्थेच्या नावे मिळतात. १९११ मध्ये निघालेल्या आणि १९४९ पासून भारतीय वैद्यक संशोधन परिषद हे नाव घेतलेल्या संस्थेपासून २०२३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानापर्यंत प्रत्येकीचे नियम वेगळे. आणि ते अर्ज लिहिण्याआधी वाचायचे असतात, नंतर नव्हे. आम्ही एका वैद्यकीय महाविद्यालयात गेलो. तेथे सामाजिक वैद्यक शिकविणाऱ्या एका तरुण प्राध्यापिकाबाईंनी आमची चौदा पाने शांतपणे वाचली आणि विचारले, "यात तुम्हांला ठाऊक नाही असे काय आहे?" 

आम्ही बराच वेळ गप्प बसलो. मग म्हणालो, "मॅडम, विडीने किती आणि धुळीने किती, हे आम्हांला ठाऊक नाही." 

"मग तेथून सुरुवात करू," त्या म्हणाल्या.

त्या सुरुवातीपासून एक वाक्य तयार व्हायला सहा आठवडे लागले. वाक्य असे: ब्लोरूम आणि कार्डिंगमध्ये पाच वर्षांहून अधिक काम केलेल्या कामगारांचा श्वासाचा जोर, सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत, त्याच गिरणीतील वाइंडिंग खात्याच्या त्याच वयाच्या आणि तितक्याच विड्या ओढणाऱ्या कामगारांच्या मानाने अधिक घटतो काय? सगळा अर्ज या एका वाक्यात आहे. पुढची पाने म्हणजे या वाक्यातील एकेका शब्दाचा खुलासा.

'श्वासाचा जोर' का? कारण फोटोत न दिसणारी गोष्ट फुंकण्यात दिसते. यंत्राच्या नळीत जोराने फुंकले की पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मोजता येते. पाळीच्या आधी एकदा आणि पाळी सुटल्यावर एकदा. ते यंत्र खरे बोलते की नाही हे पाहण्यासाठी तीन लिटरची एक पिचकारी असते. खर्चाच्या पानावर या वेळी पिचकारीची स्वतंत्र ओळ होती आणि 'इतर' नव्हते.

'वाइंडिंग खात्याच्या' का? तेथे धूळ अगदीच नसते असे नाही, पण पुष्कळ कमी असते. पगार, वस्ती, खाणेपिणे मात्र तेच. तुलनेला माणसे घ्यायची तर शहरातील कारकून घेऊन चालत नाही. 'तितक्याच विड्या ओढणाऱ्या' हे शब्द कशासाठी, ते आपण ओळखलेच असेल.

'सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत' या शब्दांनी आम्हांला आयुष्यात प्रथमच असे वाटायला लावले की संशोधनात आमचाही काही उपयोग आहे. डॉक्टरांच्या छापील प्रश्नावलीत प्रश्न होता: सोमवारी छाती आवळते का? बाईंच्या विद्यार्थ्यांनी दहा-बारा जणांना तो विचारून पाहिला, आणि बहुतेकांनी नाही म्हणून सांगितले. अहो, नाहीच म्हणणार! आमच्या भागात विजेच्या पाळ्यांमुळे कारखान्यांची सुट्टी ठरलेल्या वाराला येते, आणि या गिरणीची ती गुरुवारी. यांचा सोमवार शुक्रवारी असतो. शिलिंगसाहेबांचा सोमवार लँकेशायरचा होता. प्रश्नातला एक शब्द बदलला, आणि तीच माणसे वेगळे बोलू लागली. हा प्रसंग आम्ही अर्जात चार ओळींत जसाच्या तसा लिहिला. पुढे कळले की समितीला सर्वांत आधी पटल्या त्या या चार ओळी. पूर्वतयारी केली आहे असे नुसते लिहून कोणी विश्वास ठेवीत नाही. काय करून पाहिले आणि त्यात काय चुकले हे लिहिले म्हणजे ठेवतात.

दुसरी एक गोष्ट फक्त आमच्याजवळ होती. आज कामावर असलेल्यांनाच मोजले तर उत्तर खोटे येते, कारण ज्यांची छाती गेली ते आधीच काम सोडून गावी गेलेले असतात. गिरणीत उरतात ते काटक. याला संशोधक निरोगी कामगारांची फसवणूक अशा अर्थाचे काही नाव देतात. गेलेल्यांचे पत्ते कोणाकडे? गिरणीकडे नाहीत, महाविद्यालयाकडे नाहीत. युनियनच्या वर्गणीच्या जुन्या वह्यांत आहेत. वाळवीने खाल्लेल्या त्या वह्या संशोधनाचे साधन म्हणून अर्जात नोंदविल्या गेल्या, तेव्हा आमच्या खजिनदाराची छाती, धुळीशी काही संबंध नसता, भरून आली.

अडचणीही लिहिल्या. आत जाऊन धूळ मोजण्याची परवानगी व्यवस्थापन देईल अशी खात्री नव्हती. ती मिळाली नाही तर खाते आणि कामाची वर्षे यांवरून धुळीचा अंदाज धरू, आणि तो धरल्याने निष्कर्ष किती कच्चा राहील, हेही लिहिले. श्वास मोजायचा तो फाटकासमोरच्या युनियनच्या खोलीत. नावे कोणाजवळ राहतील, हा प्रश्न कामगारांनी आम्हांला आधी विचारला आणि नीतिसमितीने मागाहून. ज्याची छाती कमजोर निघेल त्याला उद्या कामावरून काढतील, ही भीती खोटी नाही. म्हणून नावे आणि आकडे वेगळे ठेवायचे आणि त्यांना जोडणारी यादी फक्त बाईंच्या कपाटात राहायची, असे ठरले. आमच्याही हाती ती नाही. संमतिपत्र मराठीत आणि हिंदीत, कारण आता कार्डिंगमध्ये उत्तरेकडची पुष्कळ मुले आहेत; आणि ज्याला वाचता येत नाही त्याला ते वाचून दाखवायचे.

आता खरी लढाई सांगतो. ती समितीशी झाली नाही, आमच्याच खोलीत झाली. अर्ज पाठविण्यापूर्वी कार्यकारिणीपुढे ठेवला. आमचे एक जुने सहकारी उठले. तुरुंगात आमच्याबरोबर राहिलेला माणूस. ते म्हणाले, "अण्णा, आणि उत्तर 'नाही' असे आले तर? विड्यांमुळेच होते, असे आले तर? आपल्या हाताने मालकाला हत्यार करून द्यायचे, आणि वर युनियनची वर्गणी खर्चायची?" 

खोली शांत झाली. यावर उत्तर आमच्यापाशी नव्हते आणि ते आम्ही बनविलेही नाही. आम्ही इतकेच म्हणालो की, 'नाही' येऊ शकते. तसे आले तर ते आपल्यालाच फाटकावर उभे राहून सांगावे लागेल. विडीचे कलम काढून टाका, अशी सूचना आली. ते काढले असते तर अर्ज अधिक सोपा झाला असता आणि त्याची किंमत पहिल्या अर्जाइतकीच राहिली असती. मते घेतली. एका मताने ठराव संमत झाला. या वेळी आम्हांला शंका आली नाही.

अर्ज पाठविण्याआधी पहिले पान आम्ही आमच्या गल्लीतील एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांना वाचून दाखविले. हे पान सर्वांत शेवटी लिहायचे असते, कारण परीक्षक पुष्कळदा तेवढेच नीट वाचतो, आणि तो आपल्या विषयातला असेलच असे नाही. गुरुजींना कार्डिंग म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. तीन ठिकाणी त्यांनी हात वर करून आम्हांला थांबविले. तिन्ही ठिकाणी चूक आमची होती.

अनुदान मिळाले, मागितले त्याहून थोडे कमी, वर्षभराने. आपल्या देशात संशोधनावरचा सगळा खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा ०.६४ इतकाच होता. तेव्हा पैसा थोडा आणि अर्ज पुष्कळ, हे गृहीत धरूनच लिहावे लागते. परंतु सगळा दोष तिकडे ढकलता येत नाही. ज्या सभासदाच्या तक्रारीवरून हे सारे सुरू झाले, तो कार्डिंगचा जुना कामगार, पहिला नकार आणि दुसरा अर्ज यांच्या मधल्या काळात वारला. त्याचा श्वास कोणी मोजला नाही. त्या मधल्या काळातले पुष्कळ महिने आम्ही निषेधाच्या ठरावात आणि रागात घालविले होते.

मोजणी गेल्या हिवाळ्यात संपली. आकडे बाईंकडे आहेत आणि अहवाल लिहिला जात आहे. उत्तर काय आले ते आम्हांला अद्याप ठाऊक नाही. आमचे ते सहकारी रोज संध्याकाळी खोलीवर येतात आणि विचारतात, "आले का काही?" आम्ही मान हलवितो. विरुद्ध मत दिलेल्या या माणसाने त्या हिवाळ्यात गावोगाव फिरून वह्यांतले सर्वांत जास्त पत्ते शोधले, हे येथे नोंदवून ठेवतो.

दरम्यान आम्ही तिसऱ्या अर्जाला लागलो आहोत. तो जिनिंगच्या कारखान्यांत हंगामापुरत्या काम करणाऱ्या बायांविषयी आहे. त्यांना आठवड्याची सुट्टीच धड मिळत नाही, मग त्यांचा 'पहिला दिवस' कोणता धरायचा? येथे आमचे वाक्य अडले आहे. तो कागद आज खिशात आहे. सभा सुटल्यावर आम्ही दारापाशी थांबू. ज्यांना सवड असेल त्यांनी तो वाचावा, आणि जेथे अडखळाल तेथे पेन्सिलीने खूण करावी. पेन्सिल आम्ही आणली आहे.